हातातला क्लच

इंदापुरात नाना मखऱ्यांची गाडी कुणीही ओळखायचं. जुनी फियाट, मागून फुगीर. असल्या गाडीला लोक डुक्कर फियाट म्हणायचे. नाना एसटीच्या डेपोत फिटर होते. गावातले एक म्हातारे डॉक्टर मुलाकडं मुंबईला कायमचे राहायला निघाले, तेव्हा दवाखान्यामागं चिंचेखाली पडलेली ही गाडी त्यांनी नानांना देऊन टाकली. टायर बसलेले, गादी उंदरांनी खाल्लेली, बोनेटमध्ये पाखरांनी घरटं केलेलं. नानांनी ती ट्रॅक्टरला बांधून बुद्धविहारामागच्या आपल्या घरापुढं आणली. त्यांच्या बायकोनं, ताईबाईनं विचारलं, हे धूड कशाला? नाना म्हणाले, कौशीसाठी.

कौसल्या त्यांची थोरली लेक. पाळण्यात असतानाच तिला पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि काखेत कुबडी, अशीच ती वाढली, शिकली आणि पळसदेवच्या शाळेत शिक्षिका झाली. शाळा सोलापूर रोडवर, घरापासून लांब. सकाळच्या एसटीत चढताना कंडक्टर हाताला धरून वर ओढायचा, मागचं कुणीतरी कमरेला रेटायचं. ती घरी काही बोलायची नाही. पण नाना डेपोतच असायचे आणि रोज बघायचे.

नानांनी गाडी चालू केली. मग क्लचचा प्रश्न आला, कारण क्लच डाव्या पायानं दाबायचा. या गाडीचा गिअरचा दांडा स्टेअरिंगखालीच होता, डाव्या हाताशी. नानांनी त्या दांड्यालाच स्कूटरच्या ब्रेकसारखी मूठ बसवली, तिथून तार खाली नेली, कप्पी लावली, आणि क्लच हातात आणला. मूठ आवळायची, त्याच हातानं गिअर टाकायचा, मूठ सोडायची. पहिली तार तुटली, दुसरी अडकली. तिसऱ्या वेळी जमलं. खालचं क्लचचं पेडल त्यांनी कापूनच टाकलं, म्हणजे कॅलिपर त्यात गुंतायला नको. दाराला आतून कुबडीसाठी कडी लावली. गाडीला निळा रंग दिला आणि मागच्या काचेवर पांढऱ्या अक्षरांत 'जय भीम' लिहून घेतलं. आरटीओत तपासणी करून गाडी कौसल्येच्या नावावर केली. ती पहिल्यांदा एकटी पळसदेवला गेली त्या दिवशी नाना कामावर गेलेच नाहीत. ती परत येईपर्यंत रस्त्यावर उभे होते.

त्यानंतर कौसल्येनं कुणाचा हात धरला नाही. शाळा सुटली की मनात आलं तर ती गाडी उजनीच्या पाण्यापर्यंत न्यायची, काच खाली करून बसायची. पळसदेवचा भीमा तिथं मासे धरायचा आणि सायकलला पाटी बांधून विकायला न्यायचा. गाडी कधी चिखलात रुतली तर तोच ढकलायचा, आणि बाई गाडीतून उतरल्या न्हाईत तरी चालतंय, असं म्हणायचा.

रविंद्र तिच्या पाठचा. त्याला मात्र ती गाडी चालवता यायची नाही. त्यानं करून बघितलं, पण पायानं चालणाऱ्या माणसाच्या हाताला ती मूठ जमायची नाही. गाडी गचके खायची आणि बंद पडायची. धडधाकट पायाच्या पोराला घरची गाडी चालवता येत नाही म्हणून मित्र हसायचे. तो बारामतीत एका स्पेअर पार्टच्या दुकानात लागला आणि तिथंच खोली करून राहिला.

त्या दुकानात यशराज यायचा. माळेगावच्या बड्या ऊसवाल्याचा मुलगा. त्याला जुन्या मोटारींचं वेड होतं. शेतातल्या मोठ्या शेडमध्ये त्यानं मॉरिस, डॉज, दोन जीप आणि आणखी काय काय लावून ठेवलं होतं. त्याच्यासारख्या पाचसहा जणांनी मिळून जुन्या मोटारींचं एक मंडळ केलं होतं. मंडळाचा नियम एकच होता. गाडी कारखान्यातून जशी बाहेर आली तशीच पाहिजे. रंग तोच, दिवे तेच, स्क्रूसुद्धा तेच. कुणी जुन्या गाडीत डिझेल इंजिन घातलं, कुणी रुंद टायर लावले, की यशराज त्या माणसाशी बोलायचंच सोडायचा. गाडीत फेरफार करणं म्हणजे आईचं नाक कापणं, असं तो म्हणायचा.

रविंद्रला जुने पार्ट शोधून काढायची नजर होती. पुण्याच्या जुन्या बाजारातून, सुप्याच्या एका बंद गॅरेजमधून तो नेमकी वस्तू आणायचा. यशराज त्याला शेडवर बोलवू लागला. बाकीचे खुर्च्यांवर बसायचे, रविंद्र जॅकच्या पेटीवर. पण त्याला त्याचं काही वाटायचं नाही. त्या माणसांत आपल्याला नावानं हाक मारतात, याचंच त्याला अप्रूप होतं. एक दिवस त्यानं सांगून टाकलं, आमच्या घरीपण डुक्कर फियाट हाय.

यशराज दुसऱ्याच आठवड्यात जीप घेऊन इंदापूरला आला. गाडीभोवती फिरला, खाली वाकून बघितलं, पत्र्यावर टिचकी मारली. मग दार उघडून गिअरचा दांडा बघितला आणि त्याचं तोंड कडू झालं.

"गाडी चांगली हाय," तो रविंद्रला म्हणाला. "पण लंगडी करून ठेवलीय."

कौसल्या ओट्यावर वह्या तपासत बसली होती. तिनं ऐकलं. तिनं मान वर केली नाही, आणि रविंद्रनंही तिकडं बघितलं नाही.

त्या संध्याकाळी शेडवर रविंद्रच्या गाडीचाच विषय निघाला. मूठ, तार, निळा रंग, काचेवरची अक्षरं, यशराज एकेक सांगत होता आणि बाकीचे हळहळत होते. त्यांच्यात द्राक्षांचा व्यापार करणारा एक जण होता. तो म्हणाला, "रविंद्र, तुमच्या लोकांना मूळचं काय ठेवायची सवयच न्हाय. धर्मसुद्धा मॉडिफाय करून घेतला तुमी."

सगळे हसले. यशराजनं हसता हसता रविंद्रकडं बघितलं. तो हसतो का, हे तो बघत होता.

रविंद्र हसला.

उत्तर त्याला माहीत होतं. लहानपणापासून नानांच्या तोंडून ऐकलेलं होतं. बदललो म्हणून माणसात आलो, न्हाय तर मूळचंच घेऊन वेशीबाहेर बसलो असतो. खोलीवर परत जाताना त्यानं ते मनात तीन-चार वेळा म्हणून बघितलं. पण पुढच्या वेळी शेडवर गेला तेव्हा तो ते बोलला नाही. गाडी मूळची करतो, असं बोलला. जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी मंडळ बारामतीत जुन्या गाड्यांचा मेळावा भरवणार होतं. त्यात गाडी उभी करू, असं ठरलं.

शाळेच्या परीक्षा संपल्यावर तो इंदापूरला आला. बहिणीला म्हणाला, गाडीचं इंजिन खोलायला झालंय, पत्रा गंजतोय, ओळखीच्या एका शेडवर फुकटात सगळं करून देतो, शाळेच्या आधी आणून लावतो. कौसल्येला बरं वाटलं. या भावानं कधी त्या गाडीला आपलं म्हटलं नव्हतं. तिनं चावी दिली. नाना खाटेवर होते. मागच्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात मेला होता आणि बोलणंही जड झालं होतं. ते रविंद्रला जवळ बोलावून म्हणाले, "तारंला हात लावू देऊ नको कुणाला."

"न्हाय लावू देत," रविंद्र म्हणाला.

शेडवर गाडी खोलली. रंग खरवडला, 'जय भीम' ब्लेडनं काढलं. कुणीतरी जुन्या फियाटचं क्लचचं पेडल आणलं. शेवटी फक्त मूठ राहिली. नानांनी तिचा पाया दांड्याच्या नळीला वेल्डिंग केला होता, त्यामुळं तो कापल्याशिवाय निघणार नव्हता. यशराजचा मिस्त्री ग्राइंडर घेऊन पुढं आला तेव्हा यशराजनं त्याला थांबवलं.

"रविंद्र कापील. त्याची गाडी हाय."

रविंद्रनं कापली. ठिणग्या उडाल्या, मूठ हातात आली. बापाच्या हातची ती वस्तू त्यानं कापडात गुंडाळून पिशवीत ठेवली. यशराजनं विचारलं, ती कशाला ठेवतोयस? रविंद्र म्हणाला, मेळावा झाल्यावर बघू, ताईला लागंल.

यशराज चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "परत लावायचं मनात ठेवून काम करणारा माणूस आमाला नको. ठेवायची असंल तर गाडी पण आजच घेऊन जा. अशीच, उघडी."

दारात भंगारवाल्याचा टेम्पो भरत होता. रविंद्रनं पिशवी नेऊन त्यात टाकली.

मेळाव्याच्या दिवशी यशराजनं कौसल्येला आणायला जीप पाठवली. ती आईला घेऊन गेली. मैदानात मांडव घातला होता, सनई वाजत होती, रंगीत गाड्यांची रांग लागली होती. आपली फियाट तिला आधी ओळखूच आली नाही. रंग दुधाळ झाला होता, बंपर आरशासारखे, चाकांच्या वाट्या चकचकीत. ताईबाईनं तोंडाला पदर लावला. कौसल्येच्या तर डोळ्यांत पाणी आलं. भावानं आपल्यासाठी एवढं केलं, असं तिला खरोखर वाटलं. तिनं बोनेटवरून हात फिरवला, दार उघडलं, कुबडी अडकवायला आतल्या कडीकडं हात नेला. कडी नव्हती. असू दे, म्हणून तिनं कुबडी आईकडं दिली आणि आत बसली. डावा हात सवयीनं दांड्यावर गेला आणि बोटं मिटली. हाताला नुसती नळी लागली. तिनं खाली बघितलं. मेलेल्या पायापुढं नवं काळं पेडल उभं होतं.

रविंद्र दाराशी आला होता. ती काही विचारायच्या आत म्हणाला, "ताई, मी सोडत जाईन की तुला."

"तू बारामतीत असतोस," ती म्हणाली.

तेवढ्यात माइकवरून नाव पुकारलं. मूळ स्वरूप जपल्याबद्दलचं बक्षीस इंदापूरच्या फियाटला. यशराजच्याच हातात माइक होता. त्यानं आरसी बुकावरचं नाव वाचलं, आणि म्हणाला, की गाडीच्या मालकीण कौसल्याबाई मखरे आता स्वतः गाडी चालवत मंचासमोरून येतील. त्याला सगळं माहीत होतं. त्यानं तिला ओट्यावर बघितलं होतं, कुबडी बघितली होती, कापलेली मूठ त्याच्यासमोर भंगारात गेली होती. लोक टाळ्या वाजवू लागले.

कौसल्या हळू आवाजात रविंद्रला म्हणाली, "तू बस."

पुढची गादी एकच लांब होती. ती हातांवर जोर देऊन बाजूला सरकली. कॅलिपर पेडलमध्ये गुंतला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून सोडवला. रांगेतले, मांडवातले सगळे बघत होते. माइकवरून यशराज म्हणाला, "दमानं, बाई, दमानं. गाडी जुनी हाय." थोडे हसले, थोड्यांनी हसणाऱ्यांकडं बघितलं. रविंद्र स्टेअरिंगवर बसला आणि त्यानं पायानं क्लच दाबला. गाडी एकही गचका न खाता निघाली. आयुष्यात पहिल्यांदा तो ती गाडी चालवत होता. कौसल्येनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो खूश होता. लपवायचा प्रयत्न करत होता, पण खूश होता. मंचासमोरून जाताना लोकांनी फुलं टाकली. ती तिच्या मांडीवर पडली, आणि तिनं ती तशीच राहू दिली.

घरी आल्यावर नानांनी मुठीची चौकशी केली. रविंद्रनं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी नानांनी ताईबाईकडून हत्याराची पेटी खाटेवर मागवली आणि डाव्या हातानं लोखंडाची एक पट्टी घासायला बसले. कानस हातातून सटकायची. ताईबाई उचलून द्यायची. दुपारपर्यंत त्यांच्या बोटांतून रक्त आलं. कौसल्येनं पेटी उचलून आत ठेवली आणि म्हणाली, नाना, राहू द्या.

इंदापुरात सोनबा वेल्डर होता. तो म्हणाला, नानांसारखं न्हाय जमणार, पण दोन दिवस द्या, काम चालंल असं बसवून देतो. कौसल्येनं रविंद्रला दुकानात फोन लावला. रविंद्र म्हणाला, डिसेंबरला पुण्याला मोठा मेळावा हाय, मंडळानं आपली गाडी तिथं न्यायचं ठरवलंय, तोवर दांड्याला काही करू नको, मग लाव काय लावायचं ते. तिनं विचारलं, तोवर मी शाळेला कशी जाऊ? तो म्हणाला, आधी जात होतीस तशी. पुढच्या रविवारी तो आला. त्यानं गाडीवर ताडपत्री घातली आणि चावी खिशात घालून बारामतीला निघून गेला.

सकाळची एसटी मधल्या काळात बंद झाली होती, म्हणून ती वडापच्या जीपनं जाऊ लागली. एसटीपेक्षा ते वाईट होतं. जीप भरल्याशिवाय निघायची नाही आणि भरली की आत पाय ठेवायला जागा नसायची. ड्रायव्हर मागच्या पोरांना म्हणायचा, बाईंना घ्या रं उचलून. दोघं काखेत हात घालून वर घ्यायचे. हात कुठं लागतात हे त्यांना माहीत असायचं, आणि तिलाही. पळसदेवच्या शाळेत तिनं किती पोरांना शुद्ध लिहायला शिकवलं होतं. त्यातलंच एखादं आता मोठं होऊन तिला उचलताना दुसऱ्याला डोळा घालायचं.

श्रावणात एकदा पळसदेवच्या फाट्यावर उतरताना कुबडी खडीवर घसरली. ती पालथी पडली. साडी गुडघ्यावर गेली, कॅलिपर उघडा पडला, हनुवटी फुटली. शाळेची पोरं फाट्यावरच होती. कुणी हसलं नाही, नुसतीच उभी राहिली. तिला हसण्यापेक्षा ते जास्त लागलं. जीप निघून गेली. भीमा मासे घेऊन चालला होता. त्यानं पाटी रस्त्यात उतरवली, तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि दोन्ही हातांनी सायकल ढकलत शाळेपर्यंत नेलं. ती दिवसभर वर्गात बसून होती, साडीला माशांचा वास, हनुवटीला कापूस. मधल्या सुट्टीत ती बाहेर आली नाही. त्या दिवशी वर्गात बसूनच तिनं काय करायचं ते ठरवलं.

तिनं आधी भीमाला विचारलं, गाडी दिली तर चालवशील का? तो म्हणाला, मला येत न्हाय, मेव्हणा ट्रॅक्टर चालवतो. मग ती सोनबाकडं गेली. आणि मग रविंद्रला फोन केला, रविवारी ये, मला गाडीनं सोनबाच्या शेडवर ने.

रविंद्र आला. फाट्यावरचं त्याला आईनं सांगितलं होतं. त्यानं ताडपत्री काढली, ताईला धरून गाडीत बसवलं. वाटेत तो म्हणाला, मी लई विचार केला, पुण्याचं राहू दे. शेडपुढं गाडी थांबवल्यावर त्यानं मागच्या सीटवरून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढून तिच्यापुढं धरली. स्कूटरची नवी मूठ होती, दुकानातून आणलेली. सोबत तार होती, कप्पी होती.

"लाव ताई," तो म्हणाला. "मी यशराजदादांना सांगतो काय सांगायचं ते."

कौसल्येनं मूठ हातात घेतली, आवळून बघितली. चांगली होती. तिनं ती परत कागदात ठेवली आणि कागद गादीवर ठेवला. मग ती उतरली. सोनबानं कडुनिंबाखाली स्टूल टाकलं होतं, त्यावर जाऊन बसली.

"सोनबा, सुरू कर," ती म्हणाली.

सोनबा गॅसची नळी हातात घेऊन उभा होता. त्यानं रविंद्रकडं बघितलं, मग तिच्याकडं. "बाई, मूठ आणलीय की त्यांनी. परवापर्यंत बसवून देतो. तुमी बुधवारी चालवत शाळंला जाशीला."

"मूठ न्हाय. टप काप. मागं सगळं उघडं कर, आणि पत्र्याचा हौद बसव. मासे ठेवायला."

रविंद्रला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो गाडीच्या आडवा उभा राहिला. गाडी माझ्या नावावर हाय, ती म्हणाली. त्यानं हात जोडले. म्हणाला, मला मार, घरात घेऊ नको, पण हे करू नको, नानांनी कसल्या हालात आणलीय ही. ती म्हणाली, ते ग्राइंडर हातात घेताना आठवायचं होतं. तो तिच्यापुढं बसला आणि त्यानं तिच्या पायांना मिठी घातली. त्याचा गाल कॅलिपरच्या पट्टीला टेकला होता.

"ह्यो पाय सोड," ती म्हणाली. "त्यात जीव न्हाय. दुसरा धर."

आणि त्यानं खरंच दुसरा धरला. सोनबानं तोंड फिरवलं.

काम दुपारपर्यंत चाललं. टप निघाला तेव्हा आतली गादी उन्हात पांढरी दिसू लागली. दुधाळ रंग कडेनं जळून काळा पडत होता आणि त्याचा वास सुटला होता. रविंद्र मातीत बसून रडत होता, बारक्या पोरासारखं, आवाज करून. कौसल्या स्टुलावर ताठ बसून होती. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही. मागचा पत्रा कापायला घेतला तेव्हा सोनबानं परत एकदा विचारलं, बाई, इथंवर थांबू का? अजून जोडता येईल. ती म्हणाली, काप.

मूठ आणि तार भीमाच्या मेव्हण्याला नको होती. सोनबानं ती ठेवून घेतली.

मेव्हण्याला स्टेअरिंगवर बसवून भीमा हौद बसवलेली गाडी घेऊन गेला, तेव्हा भीमा खूश नव्हता. तो म्हणाला, बाई, लोक मला बोलतील. ती म्हणाली, बोलू दे, आठ दिवसांत विसरतील. ते खरं निघालं. महिन्याभरात ती गाडी भिगवणपासून इंदापूरपर्यंत मासे घेऊन फिरू लागली. खवले आणि बर्फाचं पाणी खाऊन पत्र्याला भोकं पडली. पुढचा अर्धा भाग तेवढा अजून फियाटचा दिसायचा.

नानांना तिनंच सांगितलं. खाटेजवळ बसून काहीही न लपवता सांगितलं. तिला वाटलं होतं, रविंद्रवर त्यांचाही राग होता, म्हणून त्यांना समजेल. नानांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलले नाहीत. भाकरी तिनं वाढली तर तशीच राहायची, ताईबाईनं वाढली तर खायचे. ती गेली तरी, ती आली तरी, त्यांचं तोंड भिंतीकडं असायचं. पोरानं त्यांचा क्लच कापला होता, पोरीनं गाडी. दोघांपैकी कुणाचं त्यांना जास्त लागलं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

यशराजला बातमी लागली तेव्हा तो दुकानात आला. मालक होते, गिऱ्हाइकं होती. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, "शेवटी दाखवलंच तुमी लोकांनी. तुमाला वस्तू द्यावी तर अशी." आणि जाताना मालकाला म्हणाला, इथून पुढं आमचा माल दुसऱ्या दुकानातून घेऊ. मालकानं रविंद्रला त्या महिन्यात काढलं. शेडवर तो एकदा गेला होता. आत जाऊ दिलं नाही. दुसरा एक पोरगा जॅकच्या पेटीवर बसलेला त्याला दारातून दिसला.

दिवाळीच्या सुट्टीत तो इंदापूरला आला. वाळला होता. एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागलोय, म्हणाला. नानांनी त्याच्याकडंही बघितलं नाही. ताईबाई चहा टाकायला आत गेली तेव्हा तो आणि कौसल्या ओट्यावर राहिले.

मग तो म्हणाला, "त्या दिवशी मी मनापासून आणली होती मूठ."

"मला कळलं होतं."

"मग घेतली का न्हाईस? आज चालवत असतीस."

कौसल्येनं थोडा विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "व्हय, चालवत असते," ती म्हणाली. "पण तू मंडळात राहिला असतास. पुढच्या साली त्यांनी परत सांगितलं असतं, आणि तू परत कापली असतीस."

रविंद्र न्हाय म्हणेल म्हणून ती थांबली.

ताईबाई चहा घेऊन आली. त्यानं बशीत ओतून प्यायला आणि बारामतीची एसटी गाठायला निघून गेला. सुट्टी संपल्यावर कौसल्या परत वडापनं जाऊ लागली. आता ती उतरताना कुणाची वाट बघायची नाही. आधी कुबडी खाली फेकायची, मग दोन्ही हातांनी दाराचा दांडा धरून स्वतःला सोडायची. पडायची कधीकधी. पण पोरं मदतीला धावली, की ती त्यांना कुबडी उगारून दाखवायची, आणि ती पोरं लांब सरायची.